काळुरामच्या कोपऱ्यातली माती

जंगबारला निघायच्या आदल्या दिवशी कल्याणच्या तालमीत पोती भरायचं काम चाललं होतं. पोत्यांत काय, तर माती! हसू नका. कल्याणला आगगाडी येऊन तीसेक वर्षं झाली होती, मुंबईला माणसं सहज जाऊन येत. पण समुद्र ओलांडायचा म्हटलं की घरोघरी बायका डोळ्यांना पदर लावत. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या जंगबार बेटावरच्या एका भाटिया शेठला देशी कुस्ती बघायची हौस आली, त्यानं तालमीला बोलावणं धाडलं, तिथल्या सुलतानाच्या पहिलवानांशी जोडही ठरवली. आता समुद्र ओलांडून धर्म कसा राखायचा? वस्ताद गुणाजींनी तोड काढली.

"परमुलखाची माती अंगाला लागू द्यायची नाही. पाण्यापलीकडे गेलो तरी आपले पाय कल्याणच्याच मातीत!"

माती भरायला रतन होता. अंगानं दांडगा आणि भारी चौकस गडी. झाकलेलं काही दिसलं की उघडून पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. तालमीचा मागचा कोपरा मात्र त्यानंही कधी तुडवला नव्हता. रतन तान्हा असताना काळुराम पहिलवान त्या कोपऱ्यात कुस्ती चालू असतानाच गेला होता, आणि त्याच्यासमोर होता रतनचा बाप, गोविंदा. दोघांचे हात एकमेकांच्या मानेवर होते. काळुराम उभ्याचा कोसळला, तोही कुशीवर. पाठ मातीला लागली नाही, म्हणजे कुस्तीचा निकालच नाही!

तेव्हापासून गोविंदा मातीत उतरला नाही. ओटीवर भिंतीला पाठ टेकून बसे आणि पाऊल वाजलं की दचके. "माझी जोड बाकी आहे रे," म्हणे. "तो येईल. आणि आता माझ्यात जोर नाही." चांगल्या माणसाचं असं भिजलेलं मांजर झालेलं रतनला बघवत नसे. बापाच्या मानेवरून ते ओझं एकदाचं उतरावं, याहून दुसरं काही त्याला नको होतं. म्हणून त्यानं मुद्दाम त्याच कोपऱ्यात फावडं घातलं. जे काय असेल ते पाण्यापलीकडे नेऊन टाकायचं. मग बाप सुटला! कुणाला काही बोलला नाही.

आगबोटीचा प्रवास काय सांगावा! खुराकाची पोरं, पण पेज पोटात ठरेना. ओकून ओकून सगळ्यांचे गाल बसले. रतन तेवढा मातीच्या पोत्यांना टेकून बसे. एकदा त्याला वाटलं, पोतं आतून हळूच फुगतंय आणि बसतंय. त्यानं हात ठेवून पाहिला. पोतं कोमट होतं. आता तुम्ही-आम्ही असतो तर दहा हात लांब पळालो असतो. हा पठ्ठ्या कान लावून बसला.

जंगबारला बोट लांब नांगरली. होडी घेऊन न्यायला आला तो धाकू, मूळचा ठाण्याच्या खाडीकडचा, शेठच्या चाकरीत तिथंच रुळलेला. "कल्यानची मानसं!" म्हणून त्यानं एकेकाला मिठी मारली. म्हातारा रडायलाच लागला. गावात शिरले तर सगळीकडे लवंगांचा वास. रस्त्यात लवंगा, ओट्यांवर लवंगा, वाळत घातलेल्या. पायाखालची जमीन बोटीसारखी डुलत होती, पोरं एकमेकांना धरून हसत होती.

शेठच्या वखारीमागं ऐसपैस अंगण होतं. तिथं माती पसरली, तेल-हळद घातली, सपाट केली, नमस्कार केला. कुस्ती दुसऱ्या दिवशी. जेवणं झाली आणि सगळी वखारीत आडवी झाली.

रतनला झोप येईना. उन्हं तिरपी झाल्यावर तो अंगणात आला आणि थबकला. लवंगांचा वास नव्हता. घामाचा, तेलाचा, ओल्या मातीचा वास होता... थेट कल्याणच्या तालमीचा. आणि सपाट केलेल्या मातीच्या मधोमध पावलं उमटली होती. येणारी नाहीत, जाणारी नाहीत. एकाच माणसाची, बोटं रुतवून उभी. समोर कुणावर तरी रेटा दिल्यासारखी.

समोर मात्र कुणाचीच नव्हती.

बघता बघता उजवी टाच आणखी थोडी खोल गेली. भरदिवसा, लख्ख उन्हात!

रतनच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खोड ती खोड. कसं उभं राहतंय हे? काय हवंय ह्याला? त्यानं सदरा काढला, माती कपाळाला लावली आणि त्या पावलांसमोर जाऊन उभा राहिला.

मानेवर हात पडला. जड, ओलसर, ओळखीच्या सलामीचा हात.

"काळुरामदादा...?" रतन पुटपुटला. "मी गोविंदाचा मुलगा..."

हात घट्ट झाला.

"आबांना सोडा आता. त्यांची हार मी घेतो... ही घ्या."

आणि जराही जोर न लावता रतन मागं पडला. दोन्ही खांदे मातीला टेकवले. छातीवर कुणीतरी वाकल्यासारखं दडपण आलं, क्षणभर तसंच राहिलं आणि उठलं. लवंगांचा वास परत आला. रतनला रडूच फुटलं. सुटला माझा बाप, म्हणाला, सुटला!

तो तिथंच डोळे मिटून पडून राहिला. ऊन उतरल्यावर वस्ताद बाहेर आले. "अरे रतन, पाठीला माती कसली?"

रतननं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता वस्तादांचा चेहरा पांढरा पडला.

"जोर न लावता पडलास? मुद्दाम?"

"हो. निकाल लागला ना, वस्ताद?"

"निकाल? अरे गाढवा, ही नुरा झाली! ठरवून हरलेली कुस्ती! गोविंदा आणि मी काळुरामच्या हाताखाली वाढलो. नुरा खेळला म्हणून सख्ख्या भावाला त्यानं तालमीबाहेर काढला होता. आणि तू त्याला... पोरा, तू त्याला डिवचलंस रे..."

रतननं मातीकडं पाहिलं. पावलं आता उभी नव्हती. लाल मातीचे ठसे आखाडा ओलांडून, अंगणाच्या दारातून, लवंगांच्या चटयांवरून सरळ धक्क्याकडं गेले होते.

दोघं ऊर फुटेस्तोवर धावले. धक्क्यावर पोचले तेव्हा मुंबईला परत जाणारी आगबोट धूर सोडत बंदराबाहेर पडत होती. धाकू होडीत वाकून, कुरकुरत, फळ्या घासत होता. होडीतलं पाणी लाल झालं होतं.

"वस्ताद, तुमचा तो गडी कोन?" त्यानं वर न बघताच विचारलं. "सकाली तर नव्हता तुमच्यात. चिखलाच्या पायानं येऊन बसला होडीत, बोटीवर सोड म्हनाला. ना सामान, ना अंगावर कपडा. लंगोटावरच."

"काही बोलला...?" रतन होडीकडं वाकला.

"जास्ती नाय. एवढंच विचारलंन... गोविंदा अजून ओटीवरच बसतो का?"