पुरे म्हटल्यानंतरचा तुंबा

लोकरीची प्रत ठरवणारा बेंतानकोर सकाळी वखारीत मेजावर डोकं टेकून मेलेला सापडला. पुढ्यात माटेचा, म्हणजे कडू पाल्याच्या चहाचा तुंबा, आणि तुंब्यात मेंढ्यांच्या औषधातलं सोमल. पोलिसांनी गठ्ठे बांधायच्या दाबयंत्रावरच्या मजुराला, रुफिनोला, उचललं.

एल्विरा झुबिल्लागाकडे त्याची बायको आम्पारो आली. पायसांदू शहरात खासगी तपास करणारी एल्विरा एकटीच.

"तुरुंगात कुजेल हो तो, बाई! रोज सकाळी बेंतानकोरला माटे पाजायचा, एवढाच गुन्हा."

एल्विराचा दीर नेल्सन निवृत्त हवालदार. "ओतणाराच विष घालणार ना, वहिनी?"

"ओतणाराही त्याच तुंब्यातून पितो, भावजी. पहिला कडू घोट त्याचाच."

कोठडीत रुफिनो म्हणाला, "त्या सकाळी यंत्र अडकलं होतं, माटे पाजायला वर गेलोच नाही. खाली एकटाच होतो. साक्षीदार कुठून आणू?"

वखार झाडणारी ओर्तेन्सिया म्हणाली, "दार लावलेलं होतं. आत बेंतानकोरबरोबरचा दुसरा हळू बोलत होता. बेंतानकोर 'आभार' म्हणाला, तेवढं ऐकलं. पोलिसांनी मला विचारलंच कुठे?"

"आता कुणालाच सांगू नकोस," एल्विरा म्हणाली.

बाहेर नेल्सन पुटपुटला, "माटे पिताना 'आभार' म्हणजे पुरे, आता नको. मग त्यानंतर तुंबा पुन्हा भरला कसा?"

वखारीचा मालक पित्तालुगा संतापलेला होता. "लोकरीच्या गठ्ठ्यांत ओली वाळू निघाली. अँटवर्पहून अख्खी खेप परत! रुफिनोचेच उद्योग. बेंतानकोरने त्याला पकडलं असणार."

"त्या सकाळी तुम्ही?"

"घरी. माणूस पुरे म्हणाला, तरी पाजलं हरामखोराने!"

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात एल्विराने सगळ्यांना बसवलं.

"विष आधीच्या तुंब्यात असतं, तर पाळीपाळीने पिणारा ओतणाराही मेला असता. म्हणजे ते 'आभार'नंतरच्या तुंब्यात. मजुराने तो पुढे केला असता, तर बेंतानकोरने हात झटकला असता. मालकाने 'माझ्यासाठी एक' म्हटलं, तर नाही कसं म्हणणार? वाळू लोकरीच्या भावाने विकून फायदा मालकाचाच. बेंतानकोर पुढच्या जहाजाच्या मालाला प्रतीचा शिक्का देत नव्हता."

"नुसता तर्क," पित्तालुगा हसला.

"ते 'आभार' ओर्तेन्सियाने फक्त आम्हा दोघांना सांगितलं. तुम्ही तर घरी होतात. मग तो पुरे म्हणाला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

पित्तालुगाने दाराकडे पाहिलं. तिथे नेल्सन उभा होता.

रुफिनो सुटला. वखारीला टाळं लागलं. परदेशी खरेदीदार फिरकेनात, धक्क्यावर जहाज येईना. गल्लीत रुफिनोला कुणी हाक मारली नाही. सगळ्यांच्या चुली त्याच वखारीवर पेटायच्या.

एल्विरा घरी आली तेव्हा त्याने तुंबा भरला, आधी स्वतः प्यायला. मग पुन्हा भरून पुढे केला. "घ्या, बाई."

एल्विरा प्यायली. जिभेवर आलेलं 'आभार' तिने गिळलं आणि रिकामा तुंबा पुन्हा भरायला परत दिला.