वरच्या जिन्याचा गालिचा

चारुलता नंदुरबारला गालिचा घ्यायला गेली आणि जीव तिथेच ठेवून आली. दुकानातल्या भाग्येशनं मरून रंगाचा तुकडा तिच्यापुढे धरला. म्हणाला, वरून खाली हात फिरवा... उजळ दिसतो ना? आता उलटा फिरवा. खरंच, तोच तुकडा काळपट झाला. जिन्यावर लव खालीच वळलेली हवी, त्यानं समजावलं, नाहीतर एकाच गालिच्याचे दोन रंग दिसतात. ती मात्र त्याच्या बोटांकडेच बघत होती.

मग रंग उन्हात कसा दिसतो, दिव्याखाली कसा, हे पाहायला तिनं तीन खेपा घातल्या. एवढं चौकस गिऱ्हाईक त्यानंही कधी पाहिलं नव्हतं!

आज रनाळ्यात, भावाच्या हळदीच्या आदल्या दिवशी, तिच्या वडिलांचा, गिरधर आप्पांचा आवाज नव्या घरभर घुमत होता. खालचा जिना उजळ, वरचा काळपट. त्यांनी भाग्येशला बोलावून घेतलं, दोन वेगळे माल गळ्यात मारलेस म्हणाले, आणि पुन्हा या दारात पाऊल टाकायचं नाही असं बजावलं.

भाग्येशनं वरच्या पायरीवरून हात फिरवला. मग चारुलताकडे पाहिलं – तिचा चेहरा पांढराफटक. त्याला सगळं कळलं.

"चूक मन्ही शे, आप्पा," तो मान खाली घालून म्हणाला.

गप्प बसलं तर हा कायमचा जाणार. बोललं तर... चारुलतानं सगळ्यात वरच्या पायरीवरचा गालिच्याचा कोपरा उचलला. तुकड्यामागे गिऱ्हाइकाचं नाव घालायची दुकानाची रीत. तिथे निळ्या शाईत, वळणदार अक्षरांत लिहिलं होतं – चारुलता.

"आप्पा, तेस्नी सुलटाच धाडेल व्हता. नाव खालना टोकले व्हतं... माले ते मन्ही खोलीना दारजोडे पाहिजे व्हतं. मीच कारागीरले उलटा लावाले सांगं."

आप्पा ते नाव बराच वेळ वाचत राहिले.

"गिऱ्हाईक ते मी व्हतू," ते शेवटी म्हणाले.

"हां, आप्पा," भाग्येश पुटपुटला. मग चाचरत विचारलं, आत्ता पलटवून देऊ का?

आप्पा दोन पायऱ्या उतरले, थांबले.

"ऱ्हाऊ दे तठेच. सकाय हळदले मायबापले संगे लई ये."