दिवे लाव, मी आलोच

ही गोष्ट खरी आहे. ऐकीव नाही. माझ्या घरातली आहे, आणि माझा नवरा तिच्यात अडकलाय, त्यामुळे मजा म्हणून मी ती सांगत नाहीये. पटली नाही तर सोडून द्या. वाद घालायला मात्र येऊ नका.

साल १९८९. दिवाळी नुकतीच सरली होती. वार शुक्रवार, कारण कारखान्याला तेव्हा शुक्रवारची सुट्टी असायची. वेळ दिवेलागणीची. जागा पालघरजवळचं शिरगाव, तिथल्या किल्ल्यापासून थोडं आत, नारळी-पोफळीच्या वाडीतलं एक कौलारू घर.

आमचे हे, आत्माराम, कुंभवलीजवळ एका कारखान्यात फिटर होते. आम्ही दोघं मूळचे नाशिककडचे. सालवडला भाड्याच्या खोलीत राहायचो. नोकरी पोटासाठी, जीव सगळा गिटारमध्ये. बोईसरच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचे. पण त्यांचा अॅम्प्लिफायर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. यांनी गिटार जोडली की शेजारची बायडी भिंतीपलीकडून विचारायची, "वैनी, भांडी पडली का?"

मग ऑर्केस्ट्रातल्या कुणीतरी सांगितलं, शिरगावला वाल्वचे दोन विलायती अॅम्प्लिफायर आहेत. उंची माल. बळवंत नावाचा मुलगा बोटीवरच्या बँडमध्ये वाजवायचा, त्याने बाहेरून आणलेले. तो मुलगा आता नाही. त्याची आई, जमुनाकाकू, त्यातला एक देणार आहे.

वाल्व म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा काचेच्या नळ्या. आतली तार तापून लालभडक दिसते. आणि त्या नीट तापल्याशिवाय आवाज फुटत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काकूंनी आम्हाला मधल्या खोलीत नेलं. गोऱ्या, वाळक्या, डोक्यावर पदर घट्ट.

"दोनी तुमच्या म्होरं हायेत," त्या म्हणाल्या. "वाजवून बघा. आवडंल तो न्या. एक मात्र घरात राहिला पायजे."

एक काळा होता, चादरीखाली झाकलेला, बंद. दुसरा दुधी रंगाचा, आणि तो चालू होता. मागच्या जाळीतून वाल्व लाल दिसत होते. त्याच्यापुढे चाफ्याचं ताजं फूल ठेवलेलं. वर भिंतीवर बळवंतचा फोटो, फोटोखाली कोनाड्यात तेलाचा दिवा.

वाजवायच्या आधीच तो चालू कसा, असं माझ्या मनात आलं. म्हटलं, आमच्यासाठी तापवून ठेवला असेल.

"वाडीत शहाळी काढायला सांगून येते," असं म्हणत काकू निघाल्या. उंबऱ्यात थांबल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या,

"बाय, दिवा तेवढा सांभाळ हां. इझू देव नको."

"हो काकू, तुम्ही निर्धास्त जा."

समुद्राचं वारं सुटलं होतं. मी खिडकी लावली. कोनाड्याशी जाऊन बसले आणि तेलाच्या दिव्याला पदराचा आडोसा धरला. किती मन लावून सांभाळला म्हणून सांगू!

इकडे यांचं सुरू झालं. आधी दुधीवर वाजवलं. गोड आवाज, पण तार जोरात छेडली की घशातून गुरगुरायचा. मग काळा ऐकायचा होता. खोलीत प्लगपॉइंट एकच. यांनी दुधीचा प्लग काढला आणि काळ्याचा लावला. तो तापेपर्यंत थांबले. काळ्याचा आवाज स्वच्छ, ठणठणीत, प्रत्येक तार वेगळी. मग परत दुधी. परत काळा.

"मला बघायला आलात तेव्हा चहा प्यायच्या आत हो म्हणालात," मी म्हटलं. "आणि या दोन खोक्यांपुढे घोडं अडलं?"

"तेव्हा समोर एकच होती," हे म्हणाले.

मी हसले. त्या घरात मी तेवढीच हसले.

बाहेर अंधारत चाललं होतं. काळा चालू होता. दुधी बंद, त्याचे वाल्व काळे पडलेले. आणि तेवढ्यात...

फाटकाशी मोटरसायकल येऊन थांबली.

इंजिन बंद झालं. फाटक करकरलं. आणि एक तरुण आवाज आला, अगदी मोकळा...

"आय, दिवे लाव, मी आलोच!"

मला वाटलं, काकूंचा कुणी पुतण्या असेल. मी पदर सावरला.

पावलं ओसरीवर आली. चपला काढल्याचा आवाज झाला. पावलं मधल्या खोलीच्या दारापर्यंत आली, आणि...

थांबली.

दारात कुणीच नव्हतं.

वाऱ्याने असेल म्हणावं, तर कोनाड्यातली ज्योत अगदी सरळ उभी होती.

"अहो," मी हाक मारली.

यांची पाठ माझ्याकडे होती. वाजवता वाजवता हात थांबला होता. मग परत सुरू झाला. पण वेगळंच काहीतरी. मी हे कधी ऐकलं नव्हतं, एवढ्या वर्षांत कधीच नाही. आणि यांचा डावा पाय जमिनीवर ठेका धरत होता. हे कधी पायाने ठेका धरत नाहीत.

"अहो, हे कुठलं?"

यांनी मान वळवली नाही.

मागच्या दाराने काकू धावत आल्या. अनवाणी, पदर खांद्यावर घसरलेला.

"दिवा कोनी इझवला?"

"नाही हो काकू! हा बघा. मी जागची हललेसुद्धा नाही."

त्या कोनाड्याकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या जमिनीवर पडलेल्या दुधीच्या प्लगकडे.

"त्यो नाय गं बाय... हा. हा दिवा."

तिथेच खाली बसल्या आणि सांगायला लागल्या. बळवंत या वाल्वना दिवे म्हणायचा. ते तापायला वेळ लागतो आणि त्याला तर घरात पाऊल टाकताच वाजवायचं असायचं. म्हणून फाटकातूनच ओरडायचा, आय, दिवे लाव, मी आलोच. शेवटच्या दिवशीही पालघरला जाताना सांगून गेला, सांजच्याला दिवे लावून ठेव. काकूंनी लावले. वाट बघत बसल्या. मोटरसायकलवरून परतताना त्याला ट्रकने उडवलं होतं, तिकडे रस्त्यावर.

"मेल्या मानसाच्या जागी दिवा ठेवतात ना, तसाच ह्यो ठेवला मी," काकू म्हणाल्या. "दहाव्याला सगळी म्हनली, आता शांत कर. मी नाय केला. दिवा नाय दिसला तर लेकरू घर कसं वळखंल?"

"आणि आज..." मी विचारलं.

"आज त्यो आला. त्याचा दिवा बंद होता."

काकूंची नजर यांच्याकडे गेली. हे अजून वाजवत होते. डावा पाय ठेका धरत होता. त्या पायाकडे बघता बघता काकूंचा चेहरा बदलला. मला ते तेव्हा कळलं नाही. त्या रडत होत्या, पण दुःखाने नाही.

"बळवंता..." त्या हळूच म्हणाल्या.

हे दचकून थांबले. "काय झालं? चहा आला का?"

आणि मघापासून जे ठरत नव्हतं ते यांनी एका दमात ठरवलं. "दुधी घेऊ या. माझाच वाटतो तो."

मला वाटलं काकू नाही म्हणतील. पण त्या लगेच म्हणाल्या, "न्या. काळा मला राहू दे."

टेम्पोत खोका चढवताना त्यांनी मला बाजूला घेतलं. माझा हात गच्च धरला.

"रोज दिवेलागणीला लावत जा हां. नाय लावलास तर त्यो माज्याकडं येल."

मला वाटलं, म्हातारी तिच्या मुलाबद्दल बोलतेय. मला तिची फार दया आली.

मी म्हटलं, "आईकडे नाही येणार तर कुठे जाणार, काकू?"

हे वाक्य मी उभ्या जन्मात विसरणार नाही.

घरी आल्यावर महिनाभर सगळं छान चाललं होतं. हे काय वाजवायचे! बायडीसुद्धा दारात येऊन ऐकत बसायची. मी रोज संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावायचे आणि मग दुधीचा खटका दाबायचे. म्हातारीचा शब्द, पाळायला काय जातंय.

मग एक दिवस...

यांची सुटायची वेळ झाली होती. मी पोळ्या लाटत होते. बाहेर मोटरसायकल थांबली. मागोमाग हे आत आले.

"कोणी सोडलं?" मी विचारलं.

"सोडलं कुठे? सायकलवरून आलो."

सायकल दाराशी उभी होती. गल्लीत मोटरसायकल नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मोटरसायकल थांबली, आणि गल्लीच्या तोंडाशी आवाज आला. आवाज यांचा होता. हे नाशिकचे, बोलणं अगदी मास्तरांसारखं शुद्ध. पण ती हाक...

"आय, दिवे लाव, मी आलोच!"

यांची आई आमच्या लग्नाआधीच गेलेली. आय म्हणून हे हाक कुणाला मारत होते?

आत आल्यावर विचारलं तर म्हणाले, "मी कुठे ओरडलो? तुला भास होतात."

मी ठरवलं, बस झालं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तुळशीचा दिवा लावला, दुधीचा खटका दाबलाच नाही. वर गोधडी टाकली.

त्या संध्याकाळी मोटरसायकल आली नाही. हाक आली नाही. मला किती बरं वाटलं...

हेही आले नाहीत.

पाळीवरची सगळी माणसं घरोघरी आली. आत्माराम वेळेवर निघाला म्हणाले, सायकलवर टांग टाकताना पाहिला. बायडीच्या नवऱ्याने कारखान्यापर्यंत चक्कर मारली. दवाखान्यात विचारून आला. कुठेच पत्ता नाही. ती रात्र मी उंबऱ्यावर काढली. आणि पहाटे कधीतरी काकूंचं बोलणं आठवलं.

नाय लावलास तर त्यो माज्याकडं येल.

त्यो म्हणजे कोण, ते मला तेव्हा समजलं.

पहिल्या एसटीने पालघर, तिथून शिरगाव. वाडीच्या फाटकाला यांची सायकल टेकलेली होती. मी धावतच आत गेले.

मधल्या खोलीत काळा चालू होता. वाल्व लाल. त्याच्यापुढे चाफ्याचं फूल. आणि हे पाटावर बसून काकूंच्या हातची तांदळाची भाकरी खात होते. काकू समोर बसून वारा घालत होत्या.

मला बघून हे उठले. परक्या बाईसमोर उठावं तसे. ओळखीची खूण नाही चेहऱ्यावर.

"या, बसा वैनी," ते म्हणाले. "कोन पायजे तुमाला?"

मी किंचाळले की नाही ते आठवत नाही. भिंतीपाशी गेले आणि काळ्याचा प्लग ओढून काढला.

वाल्व हळूहळू विझत गेले. लाल, तांबूस, मग काळे. आणि ओसरीवर... कुणीतरी चपला घातल्या. फाटक करकरलं.

हे हातातल्या भाकरीकडे बघत होते. "मंगला? आपण इथे कसे?"

मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. काकू जागच्या उठल्या नाहीत. पंखा तसाच हातात.

"तुज्याकडं तर रोजच असतो गं," त्या म्हणाल्या. "मला एक दिस पुरा दिला असतास तर काय झालं असतं?"

मी फाटक ओढून घेतलं.

त्याच संध्याकाळी मी दुधी लावला. त्यानंतर एकही दिवेलागण चुकवलेली नाही. नातेवाइकांची लग्नं चुकवली, माहेरची कार्यं चुकवली, पण खटका चुकवला नाही. लाईट जाते म्हणून पुढे इन्व्हर्टर घेतला. एखादा वाल्व गेला तर मुंबईहून मागवून घेते, दोन जादा कायम कपाटात असतात. हे चेष्टा करतात. त्या दोन दिवसांतलं त्यांना काही आठवत नाही आणि मी सांगितलेलं नाही.

काही वर्षांनी काकू गेल्या. आम्हाला उशिरा कळलं. शिरगावला गेले तर घराला कुलूप होतं. काळा कुठे गेला, हे भावकीतल्या कुणालाच सांगता आलं नाही. कुणीतरी नेला म्हणाले. म्हणजे कुठेतरी तो आहे. कुठल्यातरी घरात एखाद्या संध्याकाळी कुणी हौसेने लावत असेल.

हे आता निवृत्त झालेत. गिटार केव्हाच सुटली, बोटं वळत नाहीत. संध्याकाळी स्टेशनपर्यंत फिरून येतात. मी दुधी लावते आणि दाराशी कान देऊन बसते. अजून तरी रोज परत येतात.

पण त्या वेळी गल्लीत मोटरसायकल थांबते. रोज. इतकी वर्षं.

मग कडी वाजते. दार उघडण्याआधी मी विचारते, "कोण?"

बाहेरून आवाज येतो, "मी."

मी कोण, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही. मी दार उघडते.