शेवटच्या ओळीनंतरचा श्वास

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण ज्याच्यावर हे बेतलं तो माझा सख्खा मामा आहे. आणि घडलं ते भर दुपारी, त्याच्याच स्टुडिओत.

मामा रॅपची गाणी बनवतो. गोदामात मागून आणलेल्या स्पीकरवर बीट वाजवणारा पोरगा आज म्युझिक कंपनीचा साहेब आहे. त्याची एक खोड प्रसिद्ध. गाण्यातला गायकाचा प्रत्येक श्वास तो कापून टाकतो, आणि त्या जागी रिकाम्या खोलीची रेकॉर्ड केलेली शांतता चिकटवतो.

"श्वास ऐकू आला की माणूस दिसतो," तो म्हणायचा. "मला वादळ हवंय."

काडी हा त्याने घडवलेला रॅपर. अंगाने काडी, आवाजाने वणवा. अल्बम अर्धवट टाकून अपघातात गेला. कंपनी गटांगळ्या खात होती. हा अल्बम आला तरच ती वाचणार होती.

मामाने तालमींच्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून शेवटचं गाणं उभं केलं. श्वास कापले. वाजवलं.

शेवटची ओळ संपली.

आणि मग...

एक श्वास. आत ओढलेला.

"राहिला वाटतं." मामाने तो कापला. पुन्हा वाजवलं.

पुन्हा तोच. आधीपेक्षा लांब.

श्वास घेतात तो पुढच्या ओळीसाठी. इथे पुढे ओळच नव्हती.

मामाने चिकटवलेली शांतता काढून टाकली. नवी रेकॉर्ड केली. बूथ रिकामा. दार बंद. एसी बंद. काचेपलीकडे नुसता माइक.

हेडफोनमध्ये...

ओढलेला. सोडलेला नाही.

तेवढ्यात काडीची ताई आली. करारानुसार तिच्या होकाराची गरज नव्हती, रीत म्हणून मामाने तिला बोलावलं होतं. श्वासाचं त्याने तिला सांगितलं नाही. नुसतं गाणं ऐकवलं.

तिने हेडफोन हळूच काढले.

"दादा, हे शेवटचं..."

"काय?"

"नाही म्हणायच्या आधी तो असाच श्वास ओढायचा. लहानपणापासून. आई म्हणायची, फुगला बघा, आता ऐका!"

मामा उगाच हसला. "अगं, इतक्या माणसांच्या पोटाचा प्रश्न आहे. आणि गेलेल्याला विचारू कसं?"

"तुम्ही नाहीच विचारलंत. तरी तो उत्तर द्यायला बसलाय."

ती गेली.

मामा खुर्चीतून उठला. बसला. परत उठला.

मग त्याने गाणं रिलीजला पाठवून दिलं. बटण दाबलं, झालं.

हेडफोन टेबलावर होते. स्पीकर बंद होते.

आणि त्याच्या डाव्या कानाशी... कुणीतरी सावकाश श्वास सोडला.

गरम.

गाणं तुफान चाललं. कंपनी तरली. लोकांना त्यात कसलाच श्वास ऐकू येत नाही. मी कितीदा तरी ऐकलंय, मलाही नाही.

पण मामा आता कुठे शांतता टिकू देत नाही. आंघोळीला रेडिओ. झोपताना टीव्ही. मामी वैतागली, "घर आहे की बसस्टँड?" तर तिच्याशी भांडायला लागला. भांडणंही लांबवतो.

परवा जेवताना आम्ही सगळे एकदम गप्प झालो. होतं असं कधीकधी.

मामा चमचा ताटावर आपटायला लागला.

"बोला रे कुणीतरी."

आम्ही एकमेकांकडे बघतोय.

"बोला... नाहीतर तो बोलेल."

आणि आम्हाला कुणालाच काही सुचेना.