चार काट्यांचं घड्याळ

"रिळातल्या बारा फोटोंपैकी एक वाया घालवलास!" टिकलीचा मित्र वकील ओरडला. वाद घालण्यात त्याचा हात कुणी धरत नसे, म्हणून हे नाव.

टिकलीने ओठ चावला. मामाच्या स्टुडिओतल्या अंधाऱ्या खोलीत, लाल दिव्याखाली, फोटो धुण्याच्या औषधाच्या ताटलीत कागद डुलत होता आणि त्यावर तिचा धाकटा भाऊ वटाणा चक्क दोनदा उगवत होता. एक सरळ, एक हातांवर उलटा!

"ताई किल्ली फिरवायला विसरली!" दोन्ही वटाण्यांचा मालक खिदळला.

मामाने सुट्टीपुरता दिलेला तो जुना डबा कॅमेरा. प्रत्येक फोटोनंतर किल्ली फिरवून रीळ सरकवायचं, नाहीतर दुसरा फोटो पहिल्याच्याच डोक्यावर बसायचा. काल सकाळी बागेच्या कठड्यावर, खडूच्या खुणेवर कॅमेरा ठेवून टिकलीने फोटो काढला आणि नेमका वटाणा शिंकला! म्हणून खाऊनपिऊन आल्यावर तिथूनच पुन्हा काढला. किल्ली राहिलीच.

"टाकून देऊ?" मामाने विचारलं.

"थांब, मामा! मागचं बदक बघ!"

बागेतल्या दगडी बदकाची मान धुरासारखी आरपार दिसत होती आणि तिच्याखाली एका मोटारीचं मागचं टोक टेकलं होतं!

सगळे ताटलीवर वाकले. काल दुपारी ती मान तुटलेली सापडली होती. आळ आला माळीकाकांवर. आज संध्याकाळी त्यांना कामावरून काढणार होते!

"एका फोटोत मान आहे, दुसऱ्यात नाही," वकील पुटपुटला. "पण तुटली कधी?"

टिकलीने फोटोत बदकामागे दिसणाऱ्या मनोऱ्यावर बोट ठेवलं. घड्याळाला चार काटे! "नऊ आणि सव्वादहा!"

"माळीकाका तर अकराला येतात!" वकिलाने टाळी वाजवली.

"अगं, मग ही मोटार काल दिसली नाही तुला?" मामा म्हणाला.

"नखाएवढ्या काचेतून बघायचं, मामा! त्यात हा वटाणा उलटा. पडला असता तर आईने मलाच धरलं असतं!"

संध्याकाळी बागेच्या कचेरीत माळीकाका खाली मान घालून उभे होते. बागेच्या समितीच्या अध्यक्षबाईंसमोर त्यांना काढून टाकण्याचा कागद तयार होता.

"साहेब, काल तुम्ही किती वाजता आलात?" वकिलाने बागेच्या व्यवस्थापकांना गोड आवाजात विचारलं.

"अकराला! तेव्हा मान शाबूत होती. बारा वाजता याची हातगाडी धडकली, माझ्या डोळ्यांदेखत!"

"नक्की अकरा?"

"काळ्या दगडावरची रेघ!"

टिकलीने फोटो टेबलावर ठेवला. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला, घड्याळ पाहिलं, मोटार पाहिली.

"मागच्या काचेतला हा कापडी पोपट तुमचाच ना?"

व्यवस्थापकांचा चेहरा खर्रकन उतरला. "गाडी मागे घेत होतो... फोनवर बोलता बोलता... घाबरलो हो!"

"मान तुम्ही बसवून द्याल. पण आधी यांची माफी!" बाईंनी तयार कागद टराटरा फाडला. मग टिकलीकडे वळल्या. "शाबास, पोरी! इतका छान बिघडलेला फोटो मी जन्मात पाहिला नव्हता!"

मामाने नवं रीळ भरून दिलं. पहिला फोटो निघाला हात जोडलेल्या व्यवस्थापकांचा. दुसऱ्यासाठी माळीकाका केस सारखे करून बदकाशेजारी उभे राहिले आणि एकदम हात वर करून ओरडले,

"आधी किल्ली फिरव गं, बाई! नाहीतर साहेब बसायचे माझ्या डोक्यावर!"