गुडघे सरळ कर

“गुडघे सरळ कर की जरा.”

हे त्यानं इतक्या हळू म्हटलं, की माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाबांनाही ऐकू गेलं नाही. माझ्या मात्र काळजात धस्स झालं. पायघोळ लुंगीच्या आत मी गुडघे चांगले वाकवले होते आणि त्यामुळे त्याचे डोळे नेमके माझ्या डोळ्यांसमोर आले होते. हसरे, आगाऊ डोळे!

आमच्या सीसकेतकडे विहाराच्या जत्रेतल्या ठोसे-लाथांच्या लढतींना वजनकाटा नसतो. दोन तालमींचे लढवय्ये अनवाणी शेजारी-शेजारी उभे राहतात, वस्ताद खांदे दाबतात, मनगटं चाचपतात, मागे सरून डोळे बारीक करून बघतात… की लागली जोड. मग काय, लबाडी सगळेच करतात. कुणी पोट आत ओढतं, कुणी खांदे पाडतं. मी ताडमाड, म्हणून मी गुडघे वाकवते.

आणि आज मला जोड मिळायलाच हवी होती. गेल्या दोन जत्रांतून मी न लढता परत आले होते. प्रत्येक वस्तादाचं एकच, “पोरगी फार उंच आहे हो.” शेवटी आईनं रायोंगला आत्याला फोन केला. तिथल्या मासळीच्या कारखान्यात डबे भरायला मुली हव्या होत्या. आज जोड नाही लागली, तर सोमवारच्या बसनं मी जाणार होते.

“सरळच आहेत,” मी पुटपुटले.

“हो? मग लुंगी कुणाची, आजीची?”

“तुला काय करायचंय? तू वस्ताद आहेस?”

“वस्ताद माझे काका. मी खेम. आणि ही माझी चुलतबहीण, फ्लोई.”

फ्लोई माझ्याहून बुटकी, ढगळ जॅकेट घातलेली, गोड चेहऱ्याची. खेमनं माझ्या खांद्यावर तळवा ठेवून हलकेच दाबलं. मालिशच्या तेलाचा वास आला. खांदा बघायला एवढा वेळ लागत नाही, हे मला माहीत होतं. त्यालाही माहीत असणार.

“जमेल काका,” तो म्हणाला. “लावा जोड.”

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. किती भला मुलगा! माझी लबाडी ओळखून गप्प बसला… असं मला संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

संध्याकाळी रिंगच्या मागे फ्लोईनं जॅकेट काढलं आणि माझ्या हातातला चिकट भाताचा गोळा तसाच राहिला. काय त्या मांड्या! काय ते खांदे!

मी चटईवर बसून हातांना पट्ट्या गुंडाळत होते, तेव्हा खेम आला. माझ्यासमोर उकिडवा बसला. या वेळी डोळे हसत नव्हते.

“चार किलोंचा फरक आहे,” तो म्हणाला. “कदाचित जास्तच. जॅकेट मीच घालायला लावलं होतं.”

“आणि मी तुला भला समजले!”

“म्हणून तर आलो ना… अजून वेळ आहे. जोड मोड. मी काकांना सांगतो, चूक माझी.”

“मोडली तर मी सोमवारी रायोंगला. मासे भरायला.”

लाउडस्पीकरवर भन्ते कुणाची तरी हरवलेली चप्पल पुकारत होते.

“मग ऐक,” तो एकदम पुढे वाकून म्हणाला, “फ्लोईची डावी बाजू—”

“गप्प! बहिणीचं गुपित फोडलंस, तर तू मला आवडणार नाहीस.”

“म्हणजे आता… आवडतो?”

माझे कान तापले. “ऊठ इथून! तुझ्या कोपऱ्यात जा!”

तो गेला, पण जाताना दोनदा मागे वळला.

पहिला राउंड माझा होता. लांब पाय काय कामाचे असतात ते मी दाखवलं. फ्लोई जवळ येऊ पाहायची आणि मी पायानं तिला मागे ढकलायचे. सनई-ढोल चढत गेले, तसं माझं रक्तही चढत गेलं. दुसऱ्या राउंडमध्ये मात्र तिनं मला मिठीत पकडलंच. बाप रे! मानेवर भाताचं पोतं टाकावं तसं वजन. बरगडीत गुडघा बसला, मग दुसरा… आणि मी खाली. दिवे गरगरले. रेफरी आकडे मोजू लागला. डबे, मासे, बस, सगळं डोळ्यांसमोर आलं.

“ऊठ, तोई! ऊठ ना!”

सगळी जत्रा माझ्या पडण्यावर ओरडत होती, पण हा आवाज समोरच्या कोपऱ्यातून आला होता. बैतोई या माझ्या नावाचं तोई फक्त घरचे करतात; यानं ते बाबांच्या तोंडून उचललं असणार. खेम दोरांवर ओणवा होऊन जिवाच्या आकांतानं ओरडत होता आणि त्याचे काका त्याला ओल्या टॉवेलनं झोडपत होते, “गाढवा, तू कुणाच्या कोपऱ्यात आहेस?”

मला हसू फुटलं. हसतच मी उठले. मग शेवटच्या घंटेपर्यंत पडले नाही.

हरले. थोड्या पॉइंटांनी, पण हरलेच. फ्लोईनं मला गच्च मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, “पुढच्या वेळी त्याला तुमच्याच कोपऱ्यात ठेवा बाई.”

खाली उतरले तर बाबांभोवती तीन तालमींचे वस्ताद. पौर्णिमेच्या जत्रेला मला मागत होते. उंचीबद्दल आता कुणी अक्षर काढत नव्हतं. आई शेजारीच शेगडीवर कोंबडी भाजता-भाजता फोनवर आत्याला ओरडून सांगत होती, “नाही, नाही, पोरीला सवड नाही!”

आणि खेम आला. मान खाली, खांद्यावर तोच ओला टॉवेल. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“माझ्या पोरीसाठी ओरडणारा तूच ना? उभा राहा तिच्या शेजारी.”

तो अनवाणी होऊन माझ्या शेजारी उभा राहिला. बाबांनी त्याचा खांदा दाबला, मनगट चाचपलं, दोन पावलं मागे गेले. मग म्हणाले, “टाचा टेकव, पोरा.”

खेमनं लाजत टाचा टेकवल्या. माझ्या भुवईएवढा झाला. माझे गुडघे सवयीनं वाकू लागले…

“सरळ,” तो हळूच म्हणाला. “सरळ उभी राहा, तोई.”

मी उभी राहिले. माझी होती नव्हती तेवढी सगळी उंची घेऊन.

“उंच आहेस,” तो वर बघत म्हणाला.

“मग? घाबरलास?”

“छे! संध्याकाळी विचारलेल्याचं उत्तर राहिलंय, म्हणून थांबलोय.”

बाबा कोंबडीकडे वळले. मी गुडघे वाकवले नाहीत. मान तेवढी खाली केली आणि त्याच्या कानात म्हणाले, “आवडतोस.”