शेजारधर्म

नागपूरच्या जैवमुद्रण केंद्रात सकाळचे दहा वाजले होते. काचेपलीकडे मुद्रकाची बारीक सुई जिवंत पेशींचे थर एकावर एक घालत होती. संध्याकाळपर्यंत तिथे एक यकृत तयार होणार होतं. केंद्रप्रमुख डॉ. मृदुला चांदोरकर ते बघत उभ्या होत्या. तेवढ्यात विकृतितज्ज्ञ डॉ. शकील नदाफ आत आले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

"मॅडम, आधी बसा."

"काय झालं?"

"बाबुराव सोनटक्के आठवतात? चार वर्षांपूर्वी आपण त्यांना यकृत छापून दिलं होतं. परवा ट्रकखाली गेले. लोक सांगतात, रस्त्याच्या मधोमध नुसते उभे होते. कुठे जायचंय तेच सुचत नसल्यासारखे." शकीलनी कागद पुढे सरकवला. "शवविच्छेदन मी केलं. यकृतात दात्याच्या पेशी होत्या, त्या असणारच. पण त्वचेतही त्याच आहेत. हाडात, स्नायूत... आणि मेंदूतही."

"नमुन्यांची अदलाबदल झाली असेल."

"तीनदा तपासलं. मॅडम, तो माणूस गेला तेव्हा त्याच्या शरीरात तो स्वतः जवळजवळ उरलाच नव्हता."

मृदुलाने कागद जवळ ओढला. या पेशी तिनेच घडवल्या होत्या. एका निनावी दात्याच्या पेशी घेऊन तिने त्यांत दोन बदल केले होते. पहिला बदल असा, की कुणाच्याही रोगप्रतिकारशक्तीला त्या परक्या वाटू नयेत. दुसऱ्याला ती कौतुकाने 'शेजारधर्म' म्हणायची. पेशीने शेजारच्या पेशी पाहाव्यात आणि तसंच व्हावं. यकृतात यकृत, हृदयात हृदय. त्यामुळे छापलेला अवयव शरीरात बेमालूम मिसळून जाई.

"अवयवाच्या कडेला त्या थांबतील, असं आपण धरून चाललो," ती पुटपुटली.

"का थांबतील? शरीर त्यांना अडवत नाही. रक्तातून जिथे जातील तिथले होतात. आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशी झिजतात, या झिजत नाहीत. एक मेली की तिची जागा या घेतात."

"उंदरांमध्ये असं काही दिसलं नव्हतं."

"उंदीर जगतो किती? मेंदूपर्यंत पोचायला या पेशींना वेळच मिळाला नाही." शकीलनी कागद उलटला. "नव्या मेंदूपेशी उत्तम काम करतात, मॅडम. फक्त त्या कोऱ्या असतात."

मृदुलाला पुढचं ऐकू येईना. दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याच्या, हेरंबच्या हृदयावर याच पेशींचं ठिगळ लावलं होतं. हृदयविकाराच्या झटक्यात मेलेला भाग पुन्हा धडधडू लागला, तेव्हा ती शस्त्रक्रियागृहाबाहेर रडली होती.

"विरामक देऊ," ती म्हणाली. या पेशी नष्ट करणारं औषध तिने सुरुवातीलाच तयार करून ठेवलं होतं.

"मग ठिगळही मरेल. हेरंबसाहेब जगणार नाहीत."

"आधी त्याच्या स्वतःच्या पेशींचं ठिगळ छापू. ते बसवू आणि मग विरामक देऊ. तीन आठवडे लागतील. दोन वर्षांत मेंदूचं फार नुकसान झालेलं नसेल. शकील, होईल ना?"

"होईल. बाकीच्या रुग्णांसाठीही हाच मार्ग."

दुपारी तिने हेरंबला बोलावून घेतलं. त्याने भूमापनाची कामं टाकून यावं, यासाठी तिला 'नेहमीची तपासणी' असं खोटं बोलावं लागलं. त्याच्या दंडातून तिने स्वतः नमुना घेतला. पहिल्यांदा सुई चुकली. तो हसला, "आज तूच घाबरलेली दिसतेस."

तासाभराने शकीलचा फोन आला. "दंडातल्या सगळ्या दात्याच्या आहेत. दुसरीकडून घ्या."

तिने गालाच्या आतून घेतला. मग मांडीतून, अस्थिमज्जेतून. प्रत्येक वेळी तेच उत्तर. शेवटी शकील स्वतः खोलीच्या दारापर्यंत आले आणि नुसती मान हलवली. तिने त्यांना बाजूला नेलं.

"सोनटक्क्यांना चार वर्षं लागली होती!"

"यकृतात रक्त मुरत मुरत जातं, मॅडम. हृदय ते फेकतं. प्रत्येक ठोक्याला, सगळीकडे." त्यांनी चाचण्यांचे कागद तिच्या हातात दिले. "जिच्यापासून ठिगळ छापायचं, अशी त्यांची स्वतःची एकही पेशी मला मिळाली नाही. आणि आता विरामक दिलं तर..."

त्यांना वाक्य पुरं करावं लागलं नाही. औषध दिलं तर पलंगावर काहीच शिल्लक राहिलं नसतं.

पण मेंदू? मेंदूत तरी काही उरलं असेल. ते सुईने नाही, विचारूनच कळणार होतं. मृदुला खोलीत गेली. हेरंब खिडकीकडे तोंड करून बसला होता. रंग तुकतुकीत, पाठ ताठ. लग्नातही इतका धडधाकट नव्हता.

तिने आवाज शक्य तितका सहज ठेवला. "हेरंब, आपलं लग्न कुठे झालं रे?"

"हा काय प्रश्न झाला!" तो वळला नाही. थोडा वेळ गेला. "कुडाळला. तुझ्या मामांच्या अंगणात. पंक्तीत वीज गेली होती."

बरोबर होतं. सगळं बरोबर होतं. तिचा बांध फुटला, धावत जाऊन तिने त्याला मागून मिठी मारली. तेव्हा तिला त्याच्या मांडीवरची छोटी वही दिसली. त्याचं बोट अजून 'लग्न: कुडाळ' या ओळीवरच होतं.

त्याने वही मिटली नाही. "सहा महिने झाले," तो हळूच म्हणाला. "तुला सांगणार होतो. तू घाबरशील म्हणून..."

मृदुलाने पानं मागे उलटली. पहिल्या पानावर त्याच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'सकाळी उठल्यावर जी शेजारी असेल, ती मृदुला. ती आपली बायको आहे.'